नाव कुणाचं लक्षात राहतं?

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणांबद्दल लिहिलं, तेव्हा वाटलं होतं की यंदाचा पापडांचा विषय संपला. पण पापड लाटताना जे घडलं ते सांगायचं राहूनच गेलं. सांगावं की नाही, याचा चार दिवस विचार केला, कारण चूक माझी होती. पण ही चूक माझ्यासारख्या पुष्कळजणींच्या हातून होत असणार, म्हणून आज लिहायला बसले.

झालं असं. आमच्या सावेडीच्या बिल्डिंगमध्ये आम्ही पाच-सहाजणी मिळून गच्चीवर उडदाचे पापड करतो. पहाटे पीठ घट्ट भिजवायचं, तेलाच्या हातानं कुटायचं, लाट्या कापायच्या आणि ऊन चढायच्या आत लाटायला बसायचं. कुटायचं जड काम आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी करतात. त्याचे वेगळे पैसे देतो आम्ही, आणि वर शंभर पापड.

हात गुंतलेले असले की तोंड मोकळं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. आधी डाळींचे भाव झाले, मग कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं ते झालं, आणि मग शेजारच्या वहिनींनी 'मानवत मर्डर्स'चा विषय काढला. २०२४ साली ही मराठी वेब मालिका आली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात मुलींचे आणि बायकांचे खून झाले होते. त्यांचा छडा रमाकांत कुलकर्णी या नामांकित पोलीस अधिकाऱ्यांनी लावला, त्यावर ती बेतलेली आहे. वहिनींनी ती दोन रात्रींत पाहून संपवली होती. "झोप लागली नाही बाई, पण बंदही करवेना," असं त्या म्हणाल्या.

मग काय, मला चेव चढला. माझ्या सासूबाईंचं माहेर पुण्याचं, सदाशिव पेठेतलं. त्यामुळे जोशी-अभ्यंकर खून खटला मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेली. त्यातून मी पडले शाळेत शिकवणारी, भले अर्ध्या वेळेची का असेना. गोष्ट रंगवून सांगायची सवय आहेच. मी सगळं सांगितलं. पुण्यातल्या एका कला महाविद्यालयातली चार तरुण पोरं, त्यांचा म्होरक्या कोण, माफीचा साक्षीदार कोण झाला, संध्याकाळी कोणत्या घराची बेल वाजवली, आत गेल्यावर काय केलं. लाटणी थांबली. माझा थोरला कच्च्या लाट्या पळवायला गच्चीवर आला होता. तो आणि धाकटी, दोघंही तोंडात लाटी धरून ऐकत उभी होती. त्यांना खाली पिटाळायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

अभ्यंकरांच्या बंगल्याचं सांगताना मी म्हणाले, "घरात पाचजणं. म्हातारा-म्हातारी, दोन नातवंडं आणि एक मोलकरीण."

तेव्हा मावशींनी कुटता कुटता हात थांबवला. म्हणाल्या, "ताई, ती कामवाली बाई व्हती ना, तिचं नाव काय व्हतं?"

मला सांगता येईना. खुनी चौघांची नावं मला आडनावांसकट पाठ होती. साक्षीदाराचं माहीत होतं. त्या बाईचं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं, आणि ऐकलं नाही हेही मला आजवर जाणवलं नव्हतं.

"नाही हो आठवत," मी म्हणाले.

मावशींनी पुन्हा बत्ता उचलला. दोन घाव घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरातलं काई गेलं की पयलं आमच्याकडं बघत्यात. मेलं की मातर नाव ठावं नसतं कुनाला."

समोरच्या काकू हसून म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे कोण बघतंय बाई!" आणि विषय बदलला. पण माझं लाटण्यात लक्ष लागेना. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझं एक कानातलं हरवलं, तेव्हा मी पहिलं मावशींनाच विचारलं होतं. 'साधंच तर विचारलं,' असं तेव्हा स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी ते उशीच्या अभ्र्यात सापडलं. सापडल्याचं मी त्यांना सांगितलं होतं का? कितीदा आठवून पाहिलं, पण सांगितल्याचं आठवत नाही.

रात्री धाकटी बाथरूमला एकटी जाईना. दाराची कडी लावली का, हे तिनं तीनदा उठून पाहिलं. ती झोपल्यावर मी सासूबाईंपाशी जाऊन बसले आणि विचारलं, "आई, अभ्यंकरांच्या घरातल्या त्या कामवाल्या बाईंचं नाव काय हो?"

सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. "नाही गं आठवत," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच गप्प झाल्या. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं.

१९७६ साली त्या सोळा वर्षांच्या होत्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री विजयानगर कॉलनीत जोशींच्या घरातले आई, वडील आणि मुलगा, तिघंही मारले गेले. महिना गेला नाही तोच, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरातले पाचजण. दिवस आणीबाणीचे होते. पेपरात किती छापून आलंय आणि किती गाळलंय, याचा भरवसा नव्हता, म्हणून अफवांना ऊत आला होता. संध्याकाळ झाली की वाड्याचा दरवाजा बंद. पुरुषमाणसं आळीपाळीनं जागायची. सासूबाई तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात होत्या. वडिलांनी क्लास बंद केला. "सहा महिन्यांनी सगळं निवळलं, पण माझा क्लास काही परत सुरू झाला नाही. पुढं लग्नच झालं," त्या म्हणाल्या. घरात आजही दाराला दोन कड्या का, हे मला त्या दिवशी कळलं. नवी सून म्हणून नगरला आल्यावर त्यांना शनिशिंगणापूरला दर्शनाला नेलं होतं. आपल्याच जिल्ह्यातलं हे गाव, घरांना दारं नसण्याबद्दल सगळीकडे माहीत असलेलं. "लोक कौतुकानं बघत होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता," हेही त्यांनी सांगितलं.

मग त्या आणखी एक बोलल्या, ते मला फार खरं वाटलं. "अगं, सापडत नव्हते तोवर आम्ही भीत होतो. मार्च सत्त्याहत्तरच्या अखेरीला पकडले गेले, आणि मग आम्ही चवीनं वाचायला लागलो." खटल्याची बातमी आली की वाड्यातला एकुलता पेपर हातोहात फिरायचा. कुठल्या मुलाचे वडील काय करतात, कोण कसा दिसतो, कोर्टात कोण हसला. सप्टेंबर १९७८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट होऊन ती २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्याला अमलात आली. "तेव्हा तुझा नवरा पोटात होता. तरी मी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचला. सासूबाई रागावल्या होत्या मला."

त्या रात्री मी मोबाइलवर शोधलं. दहा मिनिटं लागली नाहीत. त्या बाईंचं नाव होतं सकूबाई वाघ. वय साठ.

खटल्यातले बळी एकूण दहा. पहिला प्रकाश हेगडे, त्या मुलांच्याच कॉलेजातला मुलगा, जानेवारी १९७६ मध्ये गेला. मग अच्युत जोशी, त्यांच्या पत्नी उषा आणि मुलगा आनंद. मग संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, वय ८८, पत्नी इंदिराबाई, एकवीस वर्षांची नात जाई, एकोणीस वर्षांचा नातू धनंजय आणि सकूबाई. शेवटचा अनिल गोखले, मार्च १९७७ मध्ये. एका गोष्टीचं मला बरं वाटलं, की हा खटला निदान बळींच्या नावानं ओळखला जातो, मारणाऱ्यांच्या नाही. पण 'जोशी-अभ्यंकर' म्हणताना हेगडे आणि गोखले मागे पडतात, आणि सकूबाई तर अभ्यंकरांच्या घरातच गोळा होऊन जातात. त्या काही अभ्यंकर नव्हत्या. त्यांचंही कुठे घर असेल, कुणी वाट बघत असेल.

आणि मारणाऱ्यांचं? त्यांच्यातल्या एकानं तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन पुस्तकरूपानं निघालं. १९८६ मध्ये नाना पाटेकरांचा 'माफीचा साक्षीदार' सिनेमा आला. पुढे हिंदीत अनुराग कश्यप यांनी याच प्रकरणावरून सुचलेला सिनेमा केला, तो सेन्सॉरमध्ये अडकला. ती पोरं कशी बोलायची, काय प्यायची, काय वाचायची, सगळं लोकांना ठाऊक. सकूबाईंबद्दल मी वाचलेल्या लेखांत नाव आणि वय, बस्स.

मग मी इतर प्रकरणं आठवून पाहिली. १९६८ साली मुंबईत रमण राघवनं दहशत बसवली होती. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणाऱ्यांचे त्यानं जीव घेतले. आपण एकेचाळीस खून केल्याचं त्यानं कबूल केलं होतं. त्याची फाशी मनोरुग्ण म्हणून पुढे जन्मठेपेत बदलली आणि १९९५ साली तो पुण्याच्या ससून हॉस्पिटलात वारला. २०१६ मध्ये त्याचं नाव दिलेला हिंदी सिनेमा आला. त्या फुटपाथवरच्या एकाही माणसाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे? मला नाही.

चार्ल्स शोभराजचंही तेच. १६ मार्च १९८६ ला पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहार तुरुंगातून पळाला. ६ एप्रिलला मुंबईच्या इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात पकडलं. १९७१ सालीही त्यांनीच त्याला पकडलं होतं. पुढे त्या हॉटेलात शोभराजचा पुतळा बसला आणि लोक शेजारच्या खुर्चीवर बसून फोटो काढू लागले. आमच्या लग्नानंतरच्या गोव्याच्या सहलीत ह्यांनीही काढला, आणि तो मीच हसत हसत टिपला. अल्बममध्ये आहे अजून. त्यानं जीव घेतलेली परदेशी मुलंमुली कुणाची तरी लेकरं होती, हे त्या वेळी आमच्या डोक्यातही आलं नाही. २०२५ मध्ये झेंडे यांच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा बरं वाटलं, की कुणीतरी कॅमेरा पकडणाऱ्याकडे फिरवला.

आता तुम्ही म्हणाल, 'एवढं काय त्यात? आपण का खून करतो आहोत? घटकाभर करमणूक.' खरं आहे. आणि मी काही सोवळेपणाचा आव आणत नाही. मटार सोलताना, इस्त्री करताना मीही असल्याच गोष्टी ऐकते. का ऐकते, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. एक तर भीती वाटते, आणि आपण आपल्या घरात कडी लावून बसलेलो असतो, त्यामुळे ती भीती गोड लागते. दुसरं, आपण बायका त्यातून धडा शोधतो. तो आत कसा शिरला? तिनं दार का उघडलं? आपण काय केलं असतं? आपल्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून आपण दुसरीवर आलेली वेळ पुन्हा पुन्हा ऐकतो. हे समजण्यासारखं आहे.

पण या गोष्टींतून जो धडा मिळतो तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. आपल्याला वाटतं, गुन्हेगार म्हणजे कुणीतरी भयंकर, डोळे लाल असलेला, परका माणूस. प्रकाश हेगडे ज्यांच्याबरोबर गेला ती त्याच्या कॉलेजातली पोरं होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल काढून बघा. बलात्काराच्या दहांतल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचाच असतो. आणि बायकांविरुद्धच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं सर्वांत मोठा आकडा कशाचा? नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा. एकूण गुन्ह्यांच्या जवळजवळ एक तृतीयांश. त्यावर कुणी मालिका काढून रात्र जागवत नाही. त्यातला माणूस शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतो, आपल्याला 'नमस्कार वहिनी' म्हणतो, आणि भिंतीपलीकडून आवाज आला की आपण टीव्ही मोठा करतो.

उलट परक्याच्या भीतीनं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. मी शाळेत असताना, १९९६ साली, कोल्हापूरचं अंजनाबाई आणि तिच्या दोन मुलींचं प्रकरण उघडकीला आलं. लहान मुलं पळवून त्यांना चोरीसाठी वापरायचं, आणि जड झाली की मारून टाकायचं. आई मला कापडबाजारात हात सोडू देत नसे. ती भीती खरी होती. पण २०१८ साली मोबाइलवर 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे निरोप फिरले. आम्हा बायकांच्या ग्रुपवरही आले, आणि काळजीपोटी आम्ही ते पुढे ढकलले. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच गोसाव्यांना ठेचून मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. माझा निरोप राईनपाड्याला पोचला नसेल. पण तसेच हजार निरोप पोचले, आणि ते माझ्यासारख्यांनीच पाठवले होते.

मुलांवर काय होतं, तेही सांगते. पापडांनंतरच्या सोमवारी आठवीच्या वर्गात मी विचारलं, "तुम्हाला कोणाला भेटायला आवडेल?" एका मुलानं उठून पुण्यातल्या एका टोळीवाल्या 'भाई'चं नाव घेतलं. वर्ग हसला, पण निम्म्या पोरांना तो माहीत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा तुरुंगातून सुटलेल्या एका टोळीप्रमुखाची गाड्यांचा ताफा घेऊन मिरवणूक निघाली होती. पोलिसांनी त्यावर गुन्हा नोंदवला, पण चित्रफिती राहिल्याच. पोरं त्या बघतात. त्या मुलाला रागवायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. दोनच दिवसांपूर्वी माझ्या पोरानं गच्चीवर माझ्याच तोंडून जे ऐकलं होतं, ते काय वेगळं होतं? घरी येऊन त्याला विचारलं, "त्या गोष्टीतलं तुला काय आठवतं?" त्यानं म्होरक्याचं नाव सांगितलं.

एक मात्र आहे. सगळ्याच वेळी आपण अशा नसतो. जुलै २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात कोपर्डीला जे झालं, ते आठवा. ती बातमी कुणी चवीनं सांगितली नाही. आम्ही शाळेतल्या शिक्षिका एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. वर्गातल्या मुली गप्प होत्या, आणि आयांनी मुलींना शाळेत सोडायला-न्यायला येणं सुरू केलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टात तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, त्या दिवशीही आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्या मुलीचं नाव छापायचं नाही असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. म्हणजे नाव घेतलं तरच आठवण राहते असंही नाही. ती आपल्यातली होती, एवढं आपल्याला आतून ठाऊक होतं. दुःख जवळचं असलं की आपल्याला नीट वागता येतं. ते लांबचं झालं, जुनं झालं, की त्याची गोष्ट होते. सकूबाईंचं दुःखही कुणाला तरी जवळचं होतंच.

तर मैत्रिणींनो, या सगळ्यावरून आमच्या घरात आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. पटल्या तर तुम्हीही करून बघा.

पहिली, गोष्ट सांगायचीच झाली तर ज्यांच्या घरावर आपत्ती आली त्यांच्या बाजूनं सांगायची. कसं मारलं हे मुलांसमोर मुळीच नको. कसं शोधलं, किती वर्षं खटला चालला, कोण खंबीर राहिलं, हे सांगावं. मुलांना त्यातही रस वाटतो. परवा थोरल्याला झेंडे यांची गोष्ट सांगितली. एकाच माणसाला पंधरा वर्षांनी पुन्हा पकडलं, हे ऐकून त्याचे डोळे एवढे मोठे झाले.

दुसरी, मुलांना 'परक्या माणसापासून जपा' एवढंच सांगून भागत नाही. आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवला आहे. शाळेतून न्यायला कुणीही आलं, अगदी काका, शेजारी किंवा ओळखीचे रिक्षावाले, तरी तो शब्द सांगितल्याशिवाय जायचं नाही. आणि ओळखीच्या माणसाचं वागणं आवडलं नाही, तर आईला सांगायचं. आई रागावणार नाही. ११२ हा पोलिसांचा, १०९८ हा मुलांसाठीचा आणि १८१ हा बायकांसाठीचा नंबर. तिन्ही आम्ही फ्रिजच्या दारावर चिकटवले आहेत.

तिसरी, घाबरवणारा निरोप मोबाइलवर आला की तो आपल्यापाशीच थांबवायचा. खरंच काळजी वाटली तर पोलीस चौकीला फोन करायचा. ग्रुपवर टाकायचा नाही.

चौथी माझ्यापुरती आहे, पण सांगते. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि त्यांच्या घरातल्या एकाचा तरी नंबर आपल्याकडे असावा. पोलिसांना द्यायला म्हणून नव्हे. त्यांना काही झालं तर आपण कुणाला कळवणार? माझ्याकडे सहा वर्षं मावशी येत आहेत आणि त्यांचं आडनाव मला माहीत नव्हतं. मोबाइलमध्ये 'भांडी मावशी' असं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, "मावशी, त्या बाईंचं नाव सकूबाई. सकूबाई वाघ."

"वाघ," त्या म्हणाल्या. नळ सोडला, ताटं भिजवली. "साठीची म्हनजे माझ्या आईएवढी."

मग मी कानातल्याचंही बोलले. गेल्या वर्षी ते उशीच्या अभ्र्यात सापडलं, तुम्हाला सांगायचं राहिलं, चुकलंच माझं, असं. त्या काही बोलल्या नाहीत बराच वेळ. कढई घासून पालथी घातली आणि म्हणाल्या, "मला ठावं हाय. धाकट्या बाईनं सांगितलं व्हतं मला, सापडलं त्याच दिवशी."

म्हणजे जे मला सुचलं नाही, ते माझ्या आठ वर्षांच्या मुलीला सुचलं होतं. त्या दिवशी रात्री ती माझ्या कुशीत येऊन म्हणाली, "आई, परत ती गोष्ट नको सांगूस." मी म्हटलं, नाही सांगणार.

मोबाइलमधलं नाव मी बदललं आहे. आता तिथे मावशींचं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. ते इथे छापत नाही, कारण त्यांना विचारलं तर लाजून "पेपरात नको बाई" म्हणाल्या. पण उद्या कुणी मला विचारलं, तर मला ते आठवावं लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात कैरीच्या तक्कूविषयी लिहीन. मीठ जास्त होतं म्हणून ज्यांची पत्रं आली आहेत, त्यांनी तोवर थोडा धीर धरावा.